शेजाऱ्याचं कुत्रं रात्रभर भुंकतंय? आधी ते कुठं बांधलंय ते बघा

शेजारच्या कुत्र्यावरून होणारी भांडणं बहुतेक वेळा चुकीच्या जागेवरून सुरू होतात. एकजण म्हणतो, "कुत्रं हाय, भुंकणारच की." दुसरा म्हणतो, "हाकलून द्या त्याला." दोघंही कुत्र्याच्या स्वभावावर भांडतात आणि त्याची जागा कुणीच बघत नाही. साखळी कुठल्या कोपऱ्यात आहे, तिथून त्याला काय काय दिसतं, दिवसातले किती तास ते एकटं असतं, हे बघितल्याशिवाय या त्रासावर उपाय निघत नाही. रात्र-रात्र भुंकणारं पाळीव कुत्रं सहसा गच्चीवर, जिन्याखाली नाहीतर पुढच्या जाळीच्या गेटला बांधलेलं असतं. घरात माणसांजवळ झोपणारं कुत्रं क्वचितच असं भुंकतं.

आपल्याकडची घरंच बघा. संभाजीनगरचं सिडको-हडको, नांदेडचं सिडको, लातूर-परभणीच्या नव्या लेआउटमधली रो-हाउसं. भिंतीला भिंत, गच्चीला गच्ची, पुढं जाळीचं गेट आणि चार फुटी कंपाउंड. कुत्र्याला अंगण नाही, म्हणून ते गच्चीवर जातं. तिथून त्याला आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्या दिसतात. पलीकडच्या घराची मांजर, कोपऱ्यावरची मोकाट कुत्री, रात्री अकराला दुकान बंद करून येणारा, पहाटे पाचला येणारा दूधवाला, यातलं काहीच त्याच्या नजरेतून सुटत नाही. कुत्रं भुंकतं आणि दूधवाला निघून जातो. तो जाणारच असतो, पण कुत्र्याला वाटतं आपण त्याला पळवलं. रोज असं पन्नासदा घडलं की भुंकणं पक्कं होत जातं. ही सवय त्याला आपण लावतो, फक्त त्याला उंच जागा देऊन.

"राखणीला ठेवलंय" हे उत्तर नेहमी मिळतं. पण प्रत्येक पावलावर भुंकणाऱ्या कुत्र्यानं राखण होत नाही. ते रात्री दोनला भुंकलं तर खुद्द मालकही उठून बघत नाही, कारण ते साडेबारालाही भुंकलेलं असतं. चोराची खबर देणारं कुत्रं एरवी शांत असावं लागतं, तरच त्याच्या आवाजाला किंमत राहते. दाराच्या आत झोपलेलं कुत्रं कडी वाजली की उठतं, आणि ते उठलं की घरही उठतं.

भुंकण्याचे प्रकार कान देऊन ऐकले तर वेगळे कळतात, आणि उपाय प्रकारावरच ठरतो. राखणीचं भुंकणं झपाझप असतं, त्याला काहीतरी कारण असतं आणि कारण गेलं की ते दोन-चार मिनिटांत ओसरतं. एकटेपणाचं भुंकणं घरातली माणसं बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात सुरू होतं, त्यात रडणं आणि हेल काढणं मिसळलेलं असतं आणि ते तासन्‌तास चालतं. हे मालकाला कधीच ऐकू येत नाही, कारण तो तेव्हा घरी नसतो. कंटाळ्याचं भुंकणं एका ठेक्यात येतं: एक भुंकार, थोडी शांतता, पुन्हा एक. शेजाऱ्याचं डोकं सगळ्यात जास्त यानंच उठतं. कालपर्यंत गप्प असलेलं कुत्रं अचानक भुंकू-कण्हू लागलं, सारखी मान झटकू लागलं, तर कान दुखत असेल किंवा अंगभर गोचीड झाले असतील. म्हातारं कुत्रं रात्री उगाच भिंतीकडं बघून भुंकत असेल तर त्याची नजर आणि कान उतरलेत का ते डॉक्टरला दाखवावं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात हे होतं. परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही कुत्री तपासतात. भाद्रपदाच्या आसपास नर बेचैन होतात, बाहेरच्या मादीच्या वासानं रात्रभर ओढ घेतात. नसबंदीनं एवढंच कमी होतं, राखणीचं भुंकणं तिनं जात नाही. ही अपेक्षा मालकाला आधीच सांगितलेली बरी.

मालकाकडं जाण्याआधी दोन आठवडे नोंद ठेवा. साध्या वहीत चार रकाने: तारीख, सुरू झालेली वेळ, थांबलेली वेळ, तेव्हा काय घडत होतं. "रात्रभर भुंकतं" या वाक्याला मालकाकडंही वजन नाही आणि ठाण्यातही नाही. "सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेदहा ते दीड, तुम्ही दोघं बाहेर असताना" या वाक्याला आहे. सोबत तीन-चार रेकॉर्डिंग करा, आपल्या झोपायच्या खोलीतूनच, खिडकी उघडी ठेवून एक आणि बंद करून एक, सुरुवातीला भिंतीवरचं घड्याळ दाखवून. शेजाऱ्याच्या अंगणात किंवा खिडकीत कॅमेरा वळवू नका. त्यांच्या घरच्या बायका चित्रात आल्या की मूळ विषय बाजूलाच पडतो आणि तक्रार उलटी तुमच्यावर येते.

बोलायला रविवारी सकाळी दहा-अकराला जा, एकटे किंवा घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन. रात्री एक वाजता गेट वाजवून तोडगा निघत नाही, फक्त वैर निघतं. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर हा विषय पहिल्यांदा कधीच काढू नये, चार लोकांसमोर कुणीच माघार घेत नाही. सुरुवात माहितीनं करा: "भाऊ, तुम्ही ड्युटीवर गेलात की शेरू रडायलंय, दीड वाजेपर्यंत थांबत नाही. तुम्हाला कळत नसंल म्हणून सांगायला आलो." मालक वयानं मोठे असतील तर काका म्हणून, घरात वहिनीच कुत्र्याचं करत असतील तर त्यांना समोर बसवून. आणि मागणी एकच, नेमकी करा. "काहीतरी करा" म्हटलं की कुणीच काही करत नाही. "रात्री दहानंतर त्याला खाली घरात घ्या" ही मागणी आज रात्रीच पाळता येते.

मालकानं करायच्या गोष्टींत तीच पहिली. रात्री दहा ते सकाळी सहा कुत्रं आत, मागच्या खोलीत किंवा पॅसेजमध्ये, पोत्यावर नाहीतर जुन्या सतरंजीवर, पाण्याचं भांडं जवळ ठेवून. पहिल्या काही रात्री ते दार खरवडेल. दार उघडलं की ते शिकतं, खरवडलं की उघडतं, म्हणून तेवढ्या रात्री सोसाव्यात. साडेदहाच्या सुमाराला एकदा बाहेर फिरवून आणलं तर मध्यरात्री लघवीसाठी उठणार नाही.

दुसरी गोष्ट नजर तोडणं. जाळीच्या गेटला आतून कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीच्या वर फूटभर पत्रा किंवा अपारदर्शक शीट मारा. मोठ्या कुत्र्याला साधारण चार फूट पुरतं, उड्या मारणारं असेल तर पाच. गच्चीच्या कठड्यावर शेतीच्या दुकानात मिळणारी दाट हिरवी शेडनेट ताणून बांधा. सैल बांधली तर वाऱ्यानं फडफडते आणि त्या फडफडीवरच कुत्रं भुंकतं, म्हणून दर दोन फुटांवर तार. नेटनं आवाज अडत नाही, हे लक्षात असू द्या. रस्ता दिसेनासा झाला की भुंकायचं कारणच कमी होतं, हा तिचा उपयोग.

तिसरी गोष्ट दमवणं. लॅब्राडोर, जर्मन शेफर्डसारख्या कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ निदान अर्धा-पाऊण तास चालणं लागतं. आपल्याकडचं कारवानी तर पळण्यासाठीच घडलेलं कुत्रं. लांब पाय, तीक्ष्ण नजर, हललेल्या वस्तूमागं सुटायचा स्वभाव. त्याला दहा बाय दहाच्या गच्चीत साखळीला ठेवणं मला क्रूरपणाच वाटतो. उन्हाळ्यात फिरवणं सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर. हाताची मागची बाजू डांबरावर सहा-सात सेकंद टेकवून बघा, आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसत नाही. माणसं बाहेर पडताना भाकरीचा तुकडा पुढ्यात टाकून जाण्याऐवजी पोकळ रबरी खेळण्यात दहीभात भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी निघताना द्या. चाटून चाटून काढण्यात त्याचा बराच वेळ जातो आणि एकटेपणाचा सुरुवातीचा अर्धा तास, जो सगळ्यात वाईट असतो, निघून जातो. भातात कांदा-लसणाची फोडणी नको, कुत्र्याला ते विषारी असतं. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांच्या कपच्या घशात-आतड्यात रुततात.

भुंकणाऱ्या कुत्र्यावर वरून ओरडू नये. त्याला वाटतं मालकही सामील झाला. "बस" हा एकच शब्द ठरवा, घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा. कुत्रं दोन-तीनदा भुंकलं की शांत आवाजात "बस" म्हणून खाऊ नाकाजवळ धरा. वास घेताना भुंकता येत नाही. दोन सेकंद गप्प राहिलं की खाऊ द्या. मग पाच सेकंद, दहा, वीस, असं वाढवत न्या. दिवसातून दोन-तीन वेळा, पाच-पाच मिनिटं. एक धोका सांगतो: आजवर भुंकल्यावर खायला मिळायचं किंवा दार उघडायचं, आणि आता ते बंद केलं, तर काही दिवस भुंकणं आधीपेक्षा वाढतं. मालक इथंच कंटाळून सोडून देतात, आणि शेजारीही नेमका तेव्हाच तक्रारीला येतो. दोघांनीही हे आधी बोलून ठेवावं, म्हणजे तेवढे दिवस निभतात.

आता आपल्या घराच्या बाजूनं. मोठ्या कुत्र्याचा आवाज एक मीटरवर ९० डेसिबलच्या पुढंही जातो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल घटतात. म्हणजे ९५ धरले तर आठ मीटरवर, आपल्या खिडकीबाहेर, ७७ च्या आसपास. वीटकामाची नऊ इंची भिंत त्यातला बराचसा अडवते. आवाज येतो तो खिडकीतून, आणि खिडकीतही फटींतून. सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीच्या रुळात ब्रशची पट्टी असते, ती झिजली की काच कितीही जाड असू द्या, उपयोग नाही. आधी ती पट्टी बदला, चौकट आणि भिंतीतली भेग सिलिकॉननं भरा, दाराच्या खालची फट रबरानं बंद करा. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधीचं काम. त्यानंतर पैसे घालायचेच तर रबरी गॅस्केटची, बिजागरीवर उघडणारी खिडकी आणि लॅमिनेटेड काच. थर्माकोल, अंड्यांचे ट्रे, जाड पडदे यांनी बाहेरून येणारा आवाज अडत नाही. आवाज अडवायला वजन लागतं, आणि त्यांत वजनच नसतं. कंपाउंडलगत लावलेली अशोकाची झाडंही आवाजासाठी निरुपयोगी, झाडांनी आवाज घटवायचा तर मीटरच्या मीटर दाट पट्टा लागतो.

आपल्याकडं यात कूलरचा घोळ आहे. मार्च ते जून कूलर खिडकीत बसतो, बाजूची जागा पातळ प्लायनं नाहीतर थर्माकोलनं झाकलेली असते, आणि हवा खेळायला समोरची दुसरी खिडकी उघडी ठेवावीच लागते. म्हणजे घराला दोन भोकं. कुत्रं ज्या बाजूला आहे त्या बाजूला कूलरही नको आणि उघडी खिडकीही नको. कूलर दुसऱ्या बाजूला न्या, हवा जायची वाट स्वयंपाकघराकडून काढा. कूलरच्या घरघरीत बराचसा आवाज बुडतो, त्यामुळं उन्हाळ्यात खोलीत झोपणाऱ्याला कुत्र्याचा त्रास कमी वाटतो आणि गच्चीवर झोपणाऱ्याला जास्त. खरी तक्रार डिसेंबर-जानेवारीत वाढते. पंखे बंद, गल्ली शांत, आणि निरभ्र थंड रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार झाल्यानं आवाज वर न जाता खाली वळून दूरपर्यंत पोचतो. चार घरं पलीकडचं कुत्रं उशाशी भुंकल्यासारखं वाटतं ते यामुळं. तेव्हा भिंतीकडं तोंड करून लावलेल्या टेबल फॅनची घरघर मदत करते. कानात घालायचे फोमचे बोळे नीट घातले तरच उपयोगी: बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर-मागं ओढायचा, आत सारून फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचे.

ऑनलाइन मिळणारी "भुंकणं बंद" यंत्रं घेऊ नका. त्यांचा बारीक आवाज माणसाला ऐकू येत नाही, पण तो भिंत आणि बंद खिडकी ओलांडतही नाही. काही कुत्री दोन दिवसांत त्याला सरावतात, काही उलट चिडून जास्त भुंकतात. विजेचा झटका देणारे पट्टे त्याहून वाईट, घाबरलेलं कुत्रं पुढं चावरं होतं. आणि विषाचा विचार मनात येत असेल तर आत्ताच सोडा. प्राण्याला मारणं, विष देणं, जायबंदी करणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. त्या जिवाचा काही दोष नाही हे तर त्याआधीच.

बोलूनही महिनाभरात काहीच हललं नाही, तर कायद्याची वाट आहे, आणि ती लोकांना वाटते तेवढी बंद नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणं निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती १० डेसिबल किंवा जास्त ओलांडली की तक्रार करता येते. मात्र हे मोजमाप सरासरीचं असतं. खिडकीशी ७० डेसिबलचं भुंकणं तासातली सहा मिनिटंच असेल तर त्याची तासाची सरासरी ६० च्या आसपास निघते, आणि भुंकणं त्याहून विरळ असेल तर आकडा आणखी खाली येतो. म्हणून केवळ मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका, तो आकडा फक्त अंदाजाला. आपली वही आणि शेजाऱ्यांच्या सह्या जास्त कामाच्या.

सह्या महत्त्वाच्या, कारण सार्वजनिक उपद्रव ठरायला त्रास आसपासच्या लोकांना व्हावा लागतो, एकाच घराचा त्रास त्यात बसत नाही. न्याय संहितेचं कलम २७० ही त्याची व्याख्या, आणि २९२ खाली १,००० रुपयांपर्यंत दंड. गुन्हा अदखलपात्र, त्यामुळं पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंद, लिहून घेतात. तीन-चार घरांच्या सह्यांचा अर्ज दोन प्रतींत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. त्याच कागदावर पुढं उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपद्रव थांबवण्याचा आदेश मागता येतो. मनाईचा आदेश मिळूनही उपद्रव चालूच ठेवला तर कलम २९३ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्रास एकट्या तुमच्याच घराला असेल तर दिवाणी न्यायालयात मनाई हुकमाचा दावा हा रस्ता, पण त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावापूर्व मध्यस्थीचा अर्ज करा. ते कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. खेड्यात असाल तर तंटामुक्त समितीसमोर विषय ठेवा, तिथं दोन्ही घरांना ओळखणारी माणसं बसलेली असतात आणि "कुत्रं रात्री शेतातल्या आखाड्यावर न्या, नाहीतर घरात घ्या" एवढं तिथंच ठरू शकतं.

सोसायटीच्या बैठकीत ठराव करून कुत्री पाळायला बंदी घालता येत नाही. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना तसंच सांगतात. पण त्याच सूचनांत मालकानं कुत्रं शांत ठेवायचा, विशेषतः रात्री, पुरेपूर प्रयत्न करावा असंही आहे. बंदीच्या ठरावाऐवजी रात्री दहा ते सहा कुत्रं गच्चीवर ठेवू नये, असा विनंतीचा ठराव करा.

एक कलम फार कमी लोकांना माहीत असतं. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा, १९६०, कलम ११. कुत्रं कायम साखळीला किंवा कोंडून ठेवायचं आणि त्याला फिरवायचंच नाही, हा त्यात गुन्हा आहे. अवाजवी आखूड किंवा जड साखळीला तासन्‌तास बांधणं आणि पुरेसं पाणी-निवारा न देणंही त्यातच येतं. मे महिन्यात तापलेल्या गच्चीवर पत्र्याच्या तुकड्याखाली बांधलेलं कुत्रं या कलमात बसतं. पहिल्या गुन्ह्याचा दंड अगदी किरकोळ, १० ते ५० रुपये. तरी अर्जात हे कलम घालावं, आणि आवाजाच्या तक्रारीच्या आधी घालावं. वाळूजला तिसरी पाळी करून सकाळी आठला झोपणारा कामगार असो की लातुरात भाड्याच्या खोलीत नीटचा अभ्यास करणारी मुलगी, दिवसाचं भुंकणंही त्यांना तेवढंच छळतं आणि त्याला रात्री दहाचा नियम लागत नाही. दिवसा सहा-सहा तास भुंकणारं कुत्रं बहुधा दिवसभर बांधलेलंच असतं, तिथं हे कलम लागू पडतं. अर्जात ओळ अशी लिहा: "सदर कुत्रे रोज अंदाजे इतके तास गच्चीवर साखळीने बांधलेले असते, त्यास फिरवले जात नाही, सावलीची सोय नाही." खाली वहीतल्या तारखा आणि वेळा जोडा, गच्चीचा फोटो आपल्या गच्चीवरून काढलेला जोडा, आणि एक प्रत महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या पशुवैद्यकीय विभागाला द्या. कुत्र्याची नोंदणी आणि रेबीजची लस झाली आहे का, हेही त्यांना त्याच अर्जात तपासायला सांगा.